कॉपी तिरकी येते? आधी ट्रे उघडून बघा

सप्रेम नमस्कार.

सातारा शहरातून, तसेच मेढा, पाटण, महाबळेश्वरकडून झेरॉक्स मशीनच्या दुरुस्तीसाठी आम्हाला येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न कायम असतो : "कॉपी वाकडी यायला लागलीय, रोलर गेला का?" बहुतेक वेळा रोलर शाबूत असतो. ट्रेमधले गाईड, म्हणजे कागद सरळ धरणाऱ्या सरकत्या पट्ट्या, कागदाला टेकलेले नसतात, एवढेच झालेले असते. मशीन रोज जे हाताळतात त्यांच्या हाती हे पत्रक जरूर द्या.

चूक कुठे होते ते सांगतो. रीम (५०० कागदांचे पाकीट) फोडायची, गठ्ठा ट्रेत ठेवायचा, ट्रे आत ढकलायचा आणि स्टार्ट दाबायचे, अशी सवय लागलेली असते. लीगल कागद काढून त्याच ट्रेत ए-फोर भरला की तर हमखास घोटाळा होतो. लीगलची रुंदी २१६ मिमी, ए-फोरची २१०. सहा मिलिमीटरचा हा फरक घाईत डोळ्यांना जाणवत नाही, आणि गाईड लीगलच्या मापावरच राहतो. मग २९७ मिमी लांबीचा कागद त्या मोकळ्या जागेत कलतो आणि एका ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जवळजवळ चार मिमीचा चढ येतो. साध्या पत्रात एखाद्या वेळी चालून जाईल, पण सात-बाराच्या रकान्यांत किंवा बिलाच्या तक्त्यात तो लगेच दिसतो.

मशीन स्वतः कागद सरळ करत नाही का, असेही विचारले जाते. करते, पण मर्यादेत. पिकअप रोलरने उचललेला कागद पुढे रजिस्ट्रेशन रोलरपाशी क्षणभर अडतो. मागून रेटा चालूच असल्याने त्याला किंचित फुगवटा येतो, पुढची कड रोलरला सपाट टेकते आणि मग कागद आत जातो. थोडा कल तिथे निघून जातो. कागद ट्रेतूनच जास्त तिरका निघाला असेल, तर तो रोलरही काही करू शकत नाही.

म्हणून कागद भरताना ट्रे पूर्ण बाहेर ओढा. गठ्ठा हातात घेऊन चारही बाजूंनी फुलवा आणि टेबलावर आपटून कडा एकसारख्या करा. आत ठेवल्यावर बाजूच्या गाईडचा खटका दाबून दोन्ही गाईड कागदाला अलगद टेकतील एवढे आणा, मागचा गाईडही आणा. आवळू नका, कागद मधोमध फुगला तर तो उचलताना अडतो आणि पुन्हा तिरका जातो. गठ्ठा आतल्या कमाल रेषेच्या खालीच राहू द्या. ७५ जीएसएमची (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या कागदाची) पूर्ण रीम साधारण पाच सेंटिमीटर जाडीची असते. २५० कागदांच्या ट्रेत ती दाबून बसवू नये, हे आम्ही प्रत्येक इन्स्टॉलेशनला सांगतो. ट्रे बंद करतानाही जोरात आपटू नका, धक्क्याने गठ्ठा सरकतो.

एवढे करूनही कॉपी तिरकी आली, तर कॉम्प्युटरवरून एक पान प्रिंट करा. प्रिंट सरळ आणि कॉपीच तिरकी असेल, तर ट्रेचा दोष नाही. मूळ कागद तिरका जातोय. फीडरवरही, म्हणजे मशीनच्या वरच्या बाजूला मूळ कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागावरही, दोन गाईड असतात, तेही कागदाला टेकवावे लागतात. पिन काढलेले, कोपरा फाटलेले, घड्या पडलेले कागद फीडरमध्ये घालूच नका. जुने फेरफार आणि जीर्ण दाखले काचेवर, कोपऱ्यातल्या खुणेला लावूनच काढा. प्रिंटही तिरकी असेल, तर तोच कागद दुसऱ्या ट्रेतून काढून बघा. तिथून सरळ आली की दोष पहिल्या ट्रेचा.

वकील आणि दस्तलेखक मंडळींना एक कळकळीची विनंती. पाचशेचा स्टॅम्प पेपर ट्रेतल्या साध्या कागदांवर ठेवून प्रिंट देऊ नका. तो जाड असतो आणि त्याचे मापही वेगळे. बायपास ट्रे (मशीनच्या बाजूला उघडणारा, सुटे कागद घालायचा ट्रे) उघडा, गाईड लावा, कागदाचा प्रकार जाड निवडा, आणि आधी त्याच मापाच्या कोऱ्या कागदावर एक प्रिंट काढून पाहा.

पावसाळ्यात जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला कागद ओल धरतो. असा कागद कडेला वळतो, दोन-दोन उचलले जातात, तिरके जातात. रीमचे वेष्टन ओल थोपवण्यासाठीच असते, म्हणून लागेल तेवढाच कागद काढून बाकीचा गुंडाळून ठेवा. रीम जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नका, फळीवर ठेवा. बंद वेष्टनातला चांगला ७५ जीएसएम कागद आमच्याकडे नेहमी असतो. स्वस्तातल्या, कडा नीट न कापलेल्या कागदाने वाचलेले पैसे जॅम काढण्यात जातात.

आता खरोखर मशीनचा दोष कसा ओळखायचा? गाईड बरोबर असूनही एकाच बाजूला कल येत असेल, कागद उचलताना घसरल्याचा आवाज येत असेल, तर रोलर झिजला असण्याची शक्यता आहे. छापलेल्या चौकटीचे कोपरेच काटकोनात नसतील, तर दोष आतल्या आरशांचा किंवा लेझर युनिटचा. तिथे हात घालू नका. जॅमनंतर तिरके यायला लागले असेल, तर आत तुकडा अडकलेला असू शकतो. निघालेला कागद जुळवून बघा, पूर्ण आहे का.

देखभालीचा वार्षिक करार नसेल तर व्हिजिटचे पैसे आम्ही घेतो, गाईड सरकवण्याएवढेच काम निघाले तरी. काहींना हे खटकते. पण पाटणला गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस जातो आणि तोवर दुसऱ्या कोणाचे मशीन बंद असते. न बघता रोलर बदलून बिल करणे आम्हाला सोपे आहे, आम्ही ते करत नाही. करारात वर्षभराच्या व्हिजिट येतात आणि रोलरची तपासणी दरवेळी होते.

फोन करण्याआधी तिरक्या प्रिंटचा फोटो, ट्रेचा नंबर आणि मशीनवरचा काउंटर (आजवर निघालेल्या कॉपींचा आकडा) व्हॉट्सअॅपवर पाठवा. म्हणजे लागणारा पार्ट सोबत घेऊनच आमचा माणूस निघेल.