जडकामाच्या हातअवजारांची घडण

दागिन्यात खडे बसवण्यासाठी लागणारी कोरणी, पुशर, बीडिंग टूल, बर्निशर ही अवजारे स्वतः बनवणे, किंवा विकत आणलेली आपल्या हाताला व कामाला जुळवून घेणे. कोरण्या बहुधा अर्धवट अवस्थेतच विकल्या जातात. मूठ वेगळी घ्यावी लागते, कोन पाडलेला नसतो आणि लांबी कोणाच्याच हाताच्या मापाची नसते. त्यामुळे धार लावणे हा जडकामाचाच भाग ठरतो.

सर्वांत जास्त निगुतीचे काम कोरणीचे, म्हणजे ग्रेव्हरचे. मूठ तळव्यात धरून अंगठा पुढे टेकवला की टोक अंगठ्याच्या जरासेच पुढे राहायला हवे. ते फार पुढे गेले तर ताबा सुटतो आणि घसरलेली कोरणी खड्यावर किंवा दुसऱ्या हाताच्या बोटावर जाते. म्हणून पाते मागून तोडून आखूड करतात. तोंडाचा कोन साधारण 45 ते 50 अंशांचा ठेवतात. धातू कठीण असेल तर तो वाढवतात, म्हणजे टोक लवकर तुटत नाही. पात्याच्या खालच्या अंगाला 15 ते 20 अंशांची बारीक टाच पाडली की मूठ कामापासून वर उचलली जाते. टाच लांब झाली तर वळणावर ती कापाची कड घासते. चकाकत्या कापासाठी हीच टाच हिऱ्याच्या भुकटीवर आरशासारखी घोटतात, कारण तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा धातूत उमटतो. कापानंतर पॉलिश करून ती उणीव झाकू पाहणाऱ्याच्या हाती फक्त बोथट कडा येतात.

बीडिंग टूलच्या टोकाला बारीक वाटी असते. कोरणीने उचललेला धातूचा कण तिच्याखाली दाबून गोल होतो व खड्याला धरतो. ते बनवायला कार्बन पोलादाची नरम सळई निमुळती करून टोक कठीण पोलादी घुमटीवर ठोकतात. मग पाणी द्यायचे, म्हणजे तापवून व एकदम थंड करून पोलाद कडक करायचे. टोक लालभडक तापवतात. सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या पुढे पोलाद चुंबकाला चिकटत नाही, ही सोपी खूण. त्याहून थोडे अधिक तापवून तेलात बुडवले की ते कडक, पण काचेसारखे ठिसूळ होते. ठिसूळपणा घालवण्यासाठी सळई उजळून मागच्या बाजूने हळूहळू ऊब देतात. फिकट पिवळी छटा टोकापर्यंत सरकली की थांबायचे. निळी झाली तर टोक नरम पडते. कार्बन पोलादाची कोरणी चाकावर धरतानाही हाच धोका असतो, म्हणून ती वरचेवर पाण्यात बुडवतात. हाय-स्पीड स्टील ही उष्णता सहज सोसते. टंगस्टन कार्बाइडला धार खूप टिकते, पण आडवा जोर आला की टोक उडते.

पुशर म्हणजे धातू खड्यावर दाबून बसवायचे अवजार. त्याचे तोंड गुळगुळीत असेल तर ते नखीवरून, म्हणजे खडा धरणाऱ्या धातूच्या बारीक दात्यावरून, सटकते, म्हणून त्यावर कानशीने हलके चरे पाडतात. धातू घासून चकाकी आणणाऱ्या बर्निशरचे नेमके उलट: त्यावर एकही चरा चालत नाही. झिजलेल्या बरच्या (यंत्रात फिरणाऱ्या बारीक कातर-टोकाच्या) दांड्या घासून, घोटून त्याचे छोटे नमुने सहज होतात. ओपलसारख्या नाजूक खड्याभोवतीची पट्टी दाबायला मात्र पितळी पुशर बरा. ओपलची कठीणता मोह्स मापनात 5.5 ते 6.5 आणि पितळेची सुमारे 3 असल्याने हात चुकला तरी पितळेचा ओरखडा खड्यावर उठत नाही. जोराचा दाब आला तर खडा तडकतोच. पितळी तोंड लवकर चेपते, ते पुन्हा सपाट करून घ्यावे लागते.