हरणांनी पीक खाल्लं : भरपाईचा अर्ज नेमका कुठे अडतो

हरणांचे कळप वाढलेत, रात्रीतून हरभऱ्याचे शेंडे गायब होतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तरी वनविभागाकडे भरपाई मागायला गेलेले अनेक लोक हात हलवत परत येतात. त्यातले बहुतेक अर्ज पंचनाम्याआधीच मेलेले असतात.

पात्रतेचं आधी. रोही (नीलगाय), रानडुक्कर, हरीण, रानगवा, माकड आणि हत्ती यांनी केलेलं पिकाचं नुकसान भरपाईला धरतात. शासन निर्णयात हरणापुढे कंसात ‘सारंग व कुरंग’ असं लिहिलंय. त्यामुळे काहींना वाटतं, आपलं काळवीट यादीतच नाही. आहे. भरीव, दरवर्षी गळणाऱ्या शिंगांचे ते सारंग. पोकळ, न गळणाऱ्या शिंगांचे ते कुरंग. काळवीट आणि चिंकारा कुरंगात येतात. ससा मात्र यादीत नाही, आणि घोळ इथेच होतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते देठ ओढून तोडतं आणि तुटलेली कड फाटकी, धाग्याधाग्यांची दिसते. सशाने खाल्लेला देठ विळ्याने तिरका कापल्यासारखा साफ असतो. फोटो काढताना देठाची ही कड जवळून घ्या. सोबत खुराचे ठसे आणि लेंड्याही घ्या. शेळीनेही देठ हरणासारखाच फाटका तुटतो, म्हणून ‘गावातल्या शेळ्या असतील’ हे ऐकायची तयारी ठेवा. हरभऱ्याच्या बाबतीत तर ‘शेंडे खुडले की उलट फुटवे जास्त येतात’ असंही पाहणीला आलेले ऐकवतात. खुडणी आणि कळपाने बुडापर्यंत केलेला फडशा यातला फरक त्यांनाही कळतो. तुम्ही बांधावर उभे राहून तो दाखवा.

आता मुदत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा वनक्षेत्रपालाला कळवायचं. रविवार आला म्हणून चौथा दिवस मिळेल या भरवशावर राहू नका. फोनवर ‘गार्डला सांगितलंय’ हा पुरावा नव्हे. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला तर पावती जपून ठेवा. पीकविम्याकडे तक्रार नोंदवली म्हणजे इकडची झाली, असंही नाही. ते खातं वेगळं.

अर्जात एक वाक्य हमखास घात करतं : ‘गेल्या महिनाभरापासून हरणं त्रास देत आहेत.’ खरं असतं ते, पण वाचणाऱ्याला त्यात एकच दिसतं, मुदत संपली. कळप रोज येतो, कागदाला मात्र एक तारीख लागते. ताजं नुकसान ज्या सकाळी दिसलं ती तारीख, गट नंबर आणि अंदाजे किती गुंठे, एवढंच लिहा.

कागदपत्रांत आधार, पासबुक आणि सातबारा सगळ्यांकडे असतो. अडतं ते सातबाऱ्याच्या आत. शेतात हरभरा आणि पीकपेरा कोरा, म्हणजे ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहिलेली. ती हंगामाच्या मुदतीतच करून ठेवा, नुकसान झाल्यावर धावपळ नको. दुसरी अडचण सामाईक खात्याची : बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि एक भाऊ शहरात, दुसऱ्याशी अबोला. सह्या सवडीने आणा, पण तक्रार त्यासाठी थांबवू नका. तीन दिवस तक्रारीला आहेत. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद लावल्याशिवाय पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे हा प्रश्न उरतोच.

पंचनामा दहा दिवसांत व्हायला हवा. तोवर शेत मोडू नका. हे सांगताना मलाच अवघड वाटतं, कारण वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कोणाच्या पंचनाम्यासाठी थांबत नाही. पण एका शेतकऱ्याने सोयाबीनचे कोंब खाल्ले गेले म्हणून पाचव्या दिवशी दुबार पेरणी केली, आणि सातव्या दिवशी आलेल्यांनी ‘नुकसान आढळून आले नाही’ असं लिहून नेलं. थांबणं शक्यच नसेल तर तसं लेखी कळवा आणि खाल्लेला एखादा पट्टा तसाच राखा. पंचनाम्यावर सही करण्याआधी गुंठ्यांचा आकडा वाचा. भरपाई त्यावर निघते, आणि पेनाने लिहिलेल्या १५ चा ५ व्हायला वेळ लागत नाही.

वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या शेतीला हे पैसे मिळत नाहीत. घरची चारपेक्षा जास्त गुरं जंगलात चरायला जात असतील तरी नाही. वन किंवा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा नोंद असेल तरीही नाही. वैतागून कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी हे शेवटचं दोनदा वाचावं. काळवीट, चिंकारा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. रोही-रानडुकरांसाठी परवान्याची जी वेगळी वाट आहे ती यांना लागू नाही, आणि त्या तारेला रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारीही चिकटू शकतो.

कळप पुन्हा आला तर अर्जही पुन्हा करायचा. जुन्या अर्जावर ‘नुकसान वाढले’ असं जोडपत्र लावून चालत नाही. नवी तारीख, नवे तीन दिवस.