मुंबई दर्शन : ‘जाता जाता’ म्हणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे मुंबई दर्शनाची गाडी ठरवताना पाहुण्यांच्या तोंडून एक शब्द हमखास येतो : जाता जाता. जाता जाता जुहू, जाता जाता राणीची बाग, जाता जाता बोरिवलीला मावशीकडे चहा. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की जाता जाता जोतिबा होतो, हे आम्हालाही माहीत आहे. मुंबईत मात्र दहाच किलोमीटरला कधी वीस मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. म्हणून हा कागद. घरात ज्याच्या हातात ठिकाणांची यादी आहे, त्याने तरी तो वाचावा.

मुंबई लांबुळकी आहे. दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला दहिसर, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. बाजूने निसटायला वाव नाही. सकाळी लोंढा दक्षिणेकडे निघतो, संध्याकाळी उत्तरेकडे परततो. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरीकडे कचेऱ्या गेल्यापासून उलट बाजूलाही गर्दी असते, पण संध्याकाळचा जोर अजून उत्तरेकडेच. आणि पाहण्यासारखं बरंचसं दक्षिणेत आहे. म्हणून आमची गाडी दादरहून सकाळी ७ ला सुटते, दिवसभर खालीच फिरते आणि संध्याकाळी ७ पर्यंत परत दादरला येते.

“इतक्या लवकर कशाला, नाश्ता करून ९ ला निघू.” ९ ला निघालात तर ऑफिसला जाणाऱ्यांच्या मागे उभे राहाल. नाश्ता सिद्धिविनायकाचं दर्शन झाल्यावर करा. चालकाला चांगल्या जागा माहीत आहेत, आणि नाही, तिथे त्याचं कमिशन नाही. पुढे महालक्ष्मी, हाजीअली, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट. हाजीअलीची पायवाट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे तिथली वेळ चालक भरती-ओहोटी पाहून ठरवतो. “आधी हाजीअली का नाही?” याचं उत्तर समुद्राकडे आहे, आमच्याकडे नाही. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवे आणि शेवटी मरीन ड्राइव्हवरून गिरगाव चौपाटी.

आता जुहू. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ जणांचं एक कुटुंब आलं होतं. संध्याकाळी साडेपाचला गेटवेपाशी मुलांनी जुहूचा हट्ट धरला. चालकाने सांगून पाहिलं. “सी लिंकवरून जाऊ की!” असं उत्तर आलं. वांद्रे-वरळी सी लिंक ५.६ किलोमीटरचा, तो काही मिनिटांत संपला. वांद्र्याला उतरल्यावर पुढच्या सात-आठ किलोमीटरला सव्वा तास गेला. जुहूला पोचले तेव्हा अंधार पडलेला, वीस मिनिटांत भेळ हातात घेऊन परत गाडीत. दादरला परतीची ट्रेन कशीबशी मिळाली. गडबडीत एक पिशवी गाडीतच राहिली, ती आम्ही कुरियरने पाठवली. जादा दोन तासांचे पैसे घेताना आम्हालाच अवघडल्यासारखं झालं, पण चालकाचा वेळ तर गेलेलाच असतो. गिरगावलाही वाळू आहे, भेळ आहे, समुद्र आहे. जुहू पाहायचंच असेल तर दुसरा दिवस उत्तरेचा ठेवा : सकाळी कान्हेरी लेणी, संध्याकाळी जुहू. फक्त सोमवार नको, लेणी ज्यात आहेत ते राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं.

एलिफंटासुद्धा ‘जाता जाता’ होत नाही. गेटवेहून लाँचने जायला साधारण तास, यायला तास, वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. अर्धा दिवस गेलाच. लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद. त्या दिवशी आमची गाडी घेऊच नका. तुम्ही बेटावर आणि गाडीचं मीटर चालू, हे आम्हाला पटत नाही. दादरहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सी, इतकं पुरतं.

राणीची बाग बुधवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग मोठी, अंगारकीला तर आम्ही तो थांबा घेतच नाही. तारापोरवाला मत्स्यालय बरीच वर्षं बंद आहे. आजी-आजोबांनी पाहिलं होतं म्हणून रोज कोणी ना कोणी विचारतंच. सी लिंकवर फोटोसाठी दोन मिनिटंही गाडी थांबवता येत नाही. गेटवेपाशीही ती उभी राहू देत नाहीत. चालक तुम्हाला उतरवून पुढे जातो, तेव्हा निघायच्या दहा मिनिटं आधी फोन करा. रिक्षा वांद्रे-शीवच्या खाली चालत नाहीत, तिकडे काळी-पिवळी टॅक्सी.

दोघंच असाल, सामान नसेल, तर खरं सांगायचं म्हणजे मेट्रो ३ ने फिरा. सिद्धिविनायक, गिरगाव, हुतात्मा चौक, सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. म्हातारी माणसं, लहान मुलं, पाच-सहा पिशव्या असं बरोबर असेल तर आम्हाला सांगा.

आमचं पॅकेज १२ तासांचं. वेळ दादर ते दादर मोजतो, गॅरेज ते गॅरेज नाही. इतर ठिकाणी दर विचाराल तेव्हा हेही विचारून घ्या, कारण स्वस्त दिसणारा दर बऱ्याचदा इथेच वाढतो. पार्किंग आणि सी लिंकचा टोल वेगळा. दोन दिवस घेतलेत तर दुसऱ्या दिवसाचा पहिला जादा तास आमच्याकडून.

स्टेशनवर घ्यायला यायचं असेल तर नुसतं ‘कुर्ला’ सांगू नका. कुर्ला स्टेशन वेगळं आणि लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं. टर्मिनसला जवळचं लोकल स्टेशन टिळकनगर. वांद्रे आणि वांद्रे टर्मिनसचंही तेच. ट्रेनचा नंबर आणि डबा आदल्या रात्री ९ पर्यंत कळवा, कुठे उभं राहायचं ते आम्ही पाहतो.