पगार वेगळा, उचल वेगळी

"कंपनीतून साठ हजार डॉलर काढलेत, ते खर्चात टाक ना." अमेरिकेत एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत स्वतःची एस कॉर्पोरेशन (जिच्या नफ्यावरचा इन्कम टॅक्स मालक आपल्या रिटर्नवर भरतो अशी कंपनी) काढून कन्सल्टिंग करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे वाक्य मी दर फेब्रुवारीत ऐकतो.

पगाराचं फार सांगायला नको, सगळ्यांनी नोकऱ्या केल्यात. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, निघतो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के तुमचे कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. कंपनीच्या रिटर्नवर, म्हणजे फॉर्म ११२०-एसवर, मालकाचा पगार सातव्या ओळीत, बाकी नोकरांचा आठव्या. झालं.

घोळ होतो तो डिस्ट्रिब्यूशनचा, म्हणजे मालकाने पगाराशिवाय कंपनीतून घरी नेलेल्या पैशांचा. मी त्याला सरळ उचल म्हणतो. अकरावीला पुस्तपालन घेतलं होतं त्यांना आठवेल: उचल भांडवलातून वजा होते, नफा-तोटा पत्रकात ती येतच नाही. इथेही तेच.

समजा, कंपनीला २,००,००० मिळाले. तुमचा पगार ८०,०००, त्यावर कंपनीचा पेरोल टॅक्स (तेच ७.६५ टक्के) ६,१२०, इतर खर्च १३,८८०. नफा उरला १,००,०००. त्यातून तुम्ही ६०,००० घरी नेले. आता कंपनीचा नफा किती? १,००,०००च. चाळीस हजार नव्हे. तुमच्या के-१च्या (नफ्यातला तुमचा वाटा दाखवणारा फॉर्म) पहिल्या चौकटीत किती येणार? तेही १,००,०००. इन्कम टॅक्स या आकड्यावर लागतो, मग पैसे घरी न्या नाहीतर कंपनीच्या खात्यात कुजवत ठेवा. ते ६०,००० फक्त कंपनीच्या रिटर्नमधल्या शेड्यूल केच्या १६-डी ओळीत आणि के-१च्या सोळाव्या चौकटीत 'डी' कोडने दिसतात, आणि तुमचा बेसिस (करासाठी धरलेली कंपनीतली तुमची गुंतवणूक) तेवढा उतरतो. बेसिस पुरेसा असेल तर उचलीवर वेगळा टॅक्स नाही, कारण त्या नफ्यावर तो आधीच बसलाय. म्हणजे उचल खर्चात टाकणारा चुकतो आणि तीच वैयक्तिक रिटर्नवर पुन्हा उत्पन्न म्हणून दाखवणाराही चुकतो. एका महाभागाने एकाच वर्षी दोन्ही केलं होतं.

मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो बँकेच्या शेऱ्यांचा. "१४ जून, ४,०००, सॅलरी." पेरोल चालवलेलं नाही, पेरोल टॅक्सचा तिमाही फॉर्म ९४१ भरलेला नाही, नुसता शेरा. मग रिटर्नची १५ मार्चची मुदत तोंडावर आली की विचारतात, "याला आता पगार म्हणूया का?" अहो, डब्ल्यू-२ची मुदत ३१ जानेवारीलाच संपली!

उलटी हुशारीही असते: पगार नाममात्र, बाकी सगळी उचल, म्हणजे पेरोल टॅक्स वाचला. आयोवाचे डेव्हिड वॉटसन स्वतः अकाउंटंट. त्यांनी २००२ आणि २००३ मध्ये २४,००० पगार लावला आणि दरवर्षी पावणेदोन लाखांच्या वर नफा काढला. कोर्टाने वाजवी पगार ९१,०४४ ठरवला, आणि २०१२ मध्ये अपिलातही तोच टिकला. पगार किती वाजवी, याची टक्केवारी कायद्यात नाही. ते "६०-४०चा नियम" (साठ टक्के पगार, चाळीस टक्के उचल) वगैरे मला ऐकवू नका. तेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला तर त्याला काय द्याल, तिथून सुरुवात करा.

नवरा-बायको निम्मे-निम्मे भागीदार असतील तर पगार कामाप्रमाणे वेगवेगळे चालतात. उचल मात्र शेअर्सच्या प्रमाणात हवी: त्याला ३०,००० तर तिलाही ३०,०००.