विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाहावरून गणन

संवाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब (व्होल्ट) व त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) ठाऊक असल्यास दाबाला प्रवाहाने भागून रोध ओहममध्ये मिळतो आणि दोहोंच्या गुणाकाराने शक्ती वॉटमध्ये मिळते. शक्ती = प्रवाहाचा वर्ग × रोध आणि शक्ती = दाबाचा वर्ग ÷ रोध ही रूपे त्यावरूनच निघतात. सूत्रे शालेय पुस्तकांत आहेतच. येथे त्यांचा उगम व मर्यादा यांकडे अधिक लक्ष दिले आहे.

इतिहास : दाब व प्रवाह यांचे प्रमाण स्थिर राहते हा नियम गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) या जर्मन भौतिकीविज्ञाच्या नावाने ओळखला जातो, पण अग्रक्रमाचा प्रश्न त्याने मिटत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांना साधारण १७८१ च्या सुमारास तत्सम प्रमाण आढळले होते. लायडन पात्रांतील (विद्युत् भार साठवणाऱ्या काचपात्रांतील) विद्युत् स्वतःच्या शरीरातून जाऊ देऊन बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून ते प्रवाहाची तुलना करीत. ही टिपणे त्यांनी प्रसिद्ध केली नाहीत; जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती १८७९ मध्ये संपादून प्रकाशात आणली. म्हणून काही लेखक नियमाचे श्रेय कॅव्हेंडिश यांना देतात. तथापि अप्रकाशित शोधाचा पुढील संशोधनावर परिणाम झालेला नसल्याने प्रचलित नावच अधिक सयुक्तिक वाटते.

ओहम यांचा मार्गही सरळ नव्हता. १८२५ मधील त्यांच्या पहिल्या निबंधात तारेची लांबी व प्रवाहाची घट यांचा संबंध लॉगरिथमी स्वरूपाचा दिला होता. त्या वेळचे विद्युत् घट वापरात असतानाच क्षीण होत, हे या घोटाळ्याचे मुख्य कारण मानले जाते. जर्मन भौतिकीविज्ञ पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ–तांबे तपयुग्म (दोन सांध्यांच्या तापमानांतील फरकाने दाब निर्माण करणारी दोन धातूंची जोडी) घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर राहिला. टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून प्रवाह मोजता आला आणि १८२६ मध्ये योग्य सूत्र हाती आले. सविस्तर गणिती मांडणीचा ग्रंथ १८२७ चा. त्याची जर्मनीत हेटाळणी झाली ही कथा वारंवार सांगितली जाते, पण ती काहीशी रंगवलेली असावी. फेख्नर यांनी १८३१ मध्येच प्रयोगांनी नियमाला दुजोरा दिला होता. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक ओहम यांना १८४१ मध्ये मिळाले. ओहम यांच्या मांडणीतील ‘विद्युत् बल’ म्हणजे आजचे वर्चस् (ज्याचा दोन टोकांमधील फरक म्हणजे दाब), हा मेळ १८४९ मध्ये किर्खहोफ यांनी घातला.

शक्तीच्या सूत्राचा उगम निराळा आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जूल यांनी १८४०–४१ च्या सुमारास दाखवले. लेन्त्स यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले.

व्याख्या की नियम : दाब भागिले प्रवाह ही रोधाची व्याख्या आहे आणि ती कोणत्याही घटकाला लावता येते. हा भागाकार दाब बदलला तरी स्थिर राहतो, एवढेच ओहमच्या नियमाचे म्हणणे. तेही तापमान न बदलल्यास. २३० व्होल्ट, ६० वॉटच्या तंतूच्या दिव्याचा पेटलेला रोध सुमारे ८८२ ओहम येतो, थंड असताना तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. अशा दिव्याचा रोध साध्या मल्टीमीटरने मोजून शक्ती काढणाऱ्याचे उत्तर साफ चुकते.

मापन : मापकांचा स्वतःचा रोध आड येतो. अज्ञात रोध लहान असल्यास व्होल्टमापक थेट त्याच्या टोकांना जोडावा. मोठा असल्यास व्होल्टमापक रोध व अँपिअरमापक या दोहोंच्या मिळून टोकांना जोडावा. लहान व मोठा यांमधील सीमा दोन्ही मापकांच्या रोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ होय. १ ओहमचा अँपिअरमापक व १०,००० ओहमचा व्होल्टमापक असल्यास ती १०० ओहम येते. प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणाऱ्या) प्रवाहात भागाकाराने संरोध, म्हणजे त्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मिळतो आणि गुणाकाराला शक्तिगुणकाने (दाब व प्रवाह यांच्या लयीतील अंतरावर ठरणाऱ्या, एकाहून मोठ्या नसणाऱ्या गुणकाने) गुणावे लागते. हीटर, इस्त्री यांना हे बंधन जवळपास लागू नाही.

गोव्यातील उपयोग : घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असा असून तो राज्य शासनाच्या वीज खात्याकडून होतो. २,००० वॉटचा गीझर या दाबाला सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध २६.५ ओहमच्या आसपास असतो. दाब २०० व्होल्टांवर उतरला की शक्ती सुमारे १,५१० वॉट होते. दाब १३ टक्के घटला तर शक्ती २४ टक्के घटते.

कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागायतीतील) पंपाची गोष्ट अधिक बोलकी आहे. घरापासून विहिरीपर्यंत १०० मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकल्यास जाऊन-येऊन रोध जवळपास १.५ ओहम होतो. ७ अँपिअर घेणाऱ्या एककलीय मोटरीस त्यामुळे सुमारे १० व्होल्ट कमी मिळतात आणि ७० वॉटांवर शक्ती तारेतच जाते. चालू होताना प्रवाह पाचपट धरला तर घट ५० व्होल्टांच्या घरात जाते. फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाबरोबर घटत असल्याने तो साधारण ६० टक्केच उरतो. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि दोष बहुधा कॅपॅसिटरला दिला जातो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत जोडांवर चढणारा गंज हा रोध आणखी वाढवतो.

अर्थिंगचा रोधही जमिनीत ठरावीक प्रवाह सोडून व त्यामुळे पडणारा दाब मोजून काढतात. कोरड्या जांभ्यात तो एप्रिल–मे महिन्यांत वाढतो. म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ भरून पाणी घालण्याची पद्धत आहे, आणि पावसाळ्यातील मापनावर विसंबता येत नाही.