दाबलेली हवा तापतेच : नागपूरच्या कॉम्प्रेसरमागची साडेतीनशे वर्षं

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत मे महिन्याच्या दुपारी हवा दाबणारे स्क्रू कॉम्प्रेसर जास्त तापमानावर ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. जुलै उजाडला की तिथेच स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाणी येतं, न्यूमॅटिक सिलिंडर अडकतात आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये गंज सापडतो. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा पुन्हा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. दाब निर्माण करणं माणसाला फार पूर्वी जमलं होतं. या उष्णतेचं काय करायचं, हे कळायला मात्र दोनशे वर्षं लागली, आणि आजच्या कॉम्प्रेसरमधले निम्मे भाग त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

लोहाराच्या भात्यात कॉम्प्रेसरचं सगळं तत्त्व आहे : आतल्या बाजूला उघडणारी झडप, लहान-मोठी होणारी पोकळी आणि हवा बाहेर नेणारी नळी. दाब इतका कमी की हवा तापल्याचं हाताला कळत नाही. अठराव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्या मोठ्या झाल्या, तेव्हा कातडी भाता पुरेना. १७६०च्या दशकात जॉन स्मीटनने स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्यात बिडाचे सिलिंडर आणि पिस्टन बसवले. १७७६ मध्ये जॉन विल्किन्सनने त्यांना वाफेच्या इंजिनाची जोड दिली. तरीही हा भाताच होता. हवा भरपूर मिळे, दाब जेमतेम.

हवेचं गणित त्याआधीच सुरू झालं होतं. १६४३ मध्ये टोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने दाखवलं की वातावरण सुमारे ७६ सेंटिमीटर पारा तोलून धरतं. हा आकडा समुद्रसपाटीचा. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचावर असल्याने इथे पारा ७३ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. कॉम्प्रेसरची गणितं करताना हा फरक विसरला जातो. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, ७ बार दिसतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) तो वातावरणाच्या वरचा दाब असतो. सूत्रात वातावरणाचा दाब त्यात मिळवावा लागतो, म्हणजे जवळपास ८. गेजचा आकडा तसाच सूत्रात घातला की उत्तर हमखास चुकतं.

१६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलने इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत पारा ओतत हवा दाबली. हवेची उंची ४८ भाग असताना दाब २९.१ इंच पारा होता; ती २४ भागांवर आली तेव्हा ५८.८ इंच झाला. घनफळ निम्मं, दाब दुप्पट. रॉबर्ट हूक हा त्याचा हवेच्या पंपाचा कारागीर होता, हेही सांगायला हवं. त्याच्या हाताशिवाय बॉइलचे प्रयोग उभे राहिले नसते. पण या प्रयोगात एक गोष्ट नजरेआड राहिली. पारा हळूहळू ओतला जात होता, त्यामुळे दाबताना निर्माण झालेली उष्णता काचेतून बाहेर जायला वेळ मिळत होता. बॉइलचा नियम तापमान स्थिर असेल तरच खरा आहे, आणि मिनिटाला हजार फेरे मारणाऱ्या पिस्टनमध्ये ते स्थिर राहत नाही.

तापमानाचा हिशेब गे-ल्यूसॅकने १८०२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने स्वतःच नमूद केलं की शार्लला हे पंधरा वर्षांपूर्वी दिसलं होतं. दाब तोच ठेवला तर शून्य अंशावरच्या घनफळाच्या जवळपास २७३व्या हिश्शाने वायू दर अंशाला फुगतो. म्हणूनच गणितात सेल्सिअसमध्ये २७३ मिळवावे लागतात. १८३४ मध्ये क्लापेरॉनने दोन्ही नियम एका समीकरणात बांधले.

झटक्याने दाबल्यावर काय होतं, याचं उत्तर आवाजाच्या अभ्यासातून आलं. न्यूटनने बॉइलचा नियम धरून आवाजाचा वेग काढला आणि तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. १८१६ मध्ये लाप्लासने कारण दाखवलं : ध्वनिलहरीत हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की उष्णता बाहेर पडतच नाही. सायकलच्या पंपाचं बूड हाताला चटका देतं तेही याचमुळे. याच हिशेबाने ३० अंशांची हवा एकाच टप्प्यात ७ बार गेजपर्यंत नेली आणि जराही थंड केली नाही, तर ती सुमारे २७५ अंशांवर पोचते. नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा घेतली तर ३००च्या पुढे.

हे आकडे कागदावरून जमिनीवर आले ते आल्प्सच्या बोगद्यांत. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा माँ सेनीचा सुमारे १३ किलोमीटरचा बोगदा १८५७ मध्ये सुरू झाला. आत वाफेचं इंजिन चालवणं अशक्य होतं, कारण धूर जायला वाट नव्हती. जेर्मां सोमेयेने बाहेर वाहत्या पाण्याच्या जोरावर हवा दाबून नळाने आत नेली. १८६१ पासून त्या हवेवर छिद्रण यंत्रं चालली, आणि त्यांतून सुटलेल्या हवेवर मजुरांना श्वास घेता आला. सोमेयेच्या यंत्रात पाणीच पिस्टनचं काम करत होतं, त्यामुळे हवा आपोआप थंड राहायची. पुढे गोथार्ड बोगद्यासाठी, १८७२ ते १८८२ या काळात, दानिएल कोलादोंने वेगवान कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडले. दाबत असतानाच हवा थंड करायची, ही कल्पना पुढे तेलाच्या रूपात परत आली.

पाण्याने सिलिंडर गंजत, वंगण धुऊन जाई. त्यामुळे दुसरी वाट रुळली : दाब दोन टप्प्यांत चढवायचा आणि मधे इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारा भाग, ठेवायचा. आठपट दाब हवा असेल तर प्रत्येक टप्प्याने सुमारे २.८३ पट द्यायचा. मग ३० अंशांची हवा प्रत्येक टप्प्यात १३५ अंशांच्या आसपास थांबते, आणि कागदावर एका टप्प्याच्या तुलनेत जवळपास १५ टक्के श्रम वाचतात. १८९०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या हान्स हॉरबिगरने पातळ पोलादी चकतीचा व्हॉल्व्ह काढला आणि कॉम्प्रेसरला वेग आला. आजच्या पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये डोक्यावरचं झाकण उघडलं की जी चकती आणि बारीक स्प्रिंगा दिसतात, त्या याच वंशातल्या.

दोन टप्प्यांच्या पिस्टन कॉम्प्रेसरवरचा इंटरकूलरचा लहानसा गेज हा सगळ्यात प्रामाणिक निदान करतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी पाहिलं जातं. ७ बारच्या मशिनवर तो साधारण १.८ ते २.२ बार दाखवतो. तो चढू लागला तर दुसऱ्या टप्प्याचा व्हॉल्व्ह गळतो आहे, म्हणजे दाबलेली गरम हवा मागे येते आहे. तो उतरला तर पहिल्या टप्प्याचा व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंग पाहायची, आणि त्याआधी एअर फिल्टर. गळका डिलिव्हरी व्हॉल्व्ह (दाबलेली हवा बाहेर सोडणारी झडप) नुसती हवा घालवत नाही. तीच हवा पुन्हा पुन्हा दाबली जाऊन आणखी तापते, तेल जळून चकतीवर कार्बन बसतो, कार्बनमुळे चकती नीट बसत नाही आणि गळती वाढते. डिलिव्हरी पाइपात साठलेला असा तेलकट कार्बन पेट घेऊ शकतो. रिसीव्हरपर्यंतच्या (दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीपर्यंतच्या) पाइपाला आतून काळा थर दिसला तर तो खरवडून काढायलाच हवा.

नागपूरच्या परिसरात दाबलेल्या हवेची गरज खाणींमुळे आणि रेल्वेमुळे मुरली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनसर, कांद्री, गुमगाव या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आजही नागपुरात आहे. उघड्या खाणीत हातछिन्नीने भागत असे. जमिनीखाली गेल्यावर जॅकहॅमर आला. एका जॅकहॅमरला ८० ते १२० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा आणि सुमारे ६ बार दाब लागतो. वरच्या रिसीव्हरवर ७ असून खाली तोंडाशी ५ मिळाले, तर दोष बहुधा सांध्यांच्या गळतीत किंवा अरुंद होजमध्ये असतो, आणि मोठा कॉम्प्रेसर आणून तो जात नाही.

रेल्वेत वेगळीच चढाओढ झाली. भारतीय गाड्यांवर दीर्घकाळ व्हॅक्यूम ब्रेक होते. त्यात जोर वातावरणाचा, म्हणजे एका बारहून जास्त मिळणं शक्यच नाही. वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये पेटंट घेतलेला एअर ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. लांब, जड मालगाड्यांनी हा वाद निकालात काढला. आता ब्रेक पाइपात ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असतो आणि प्रत्येक इंजिनावर कॉम्प्रेसर.

देशात कॉम्प्रेसर बनू लागले ते प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर. १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली, १९६० मध्ये कोइम्बतूरला एल्गी. सिलिंडर आणि दाबपात्रांच्या सुरक्षेचे नियम सांभाळणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे, हे मात्र शहरातल्या अनेक कारखान्यांना ठाऊक नसतं. कारखान्यातल्या दाबाखालच्या यंत्रसामग्रीसाठी २०२५ पर्यंत कारखाने कायद्याचं कलम ३१ लागू असे. रिसीव्हरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून किंवा गच्च आवळून ठेवणं हा थेट जिवाशी खेळ आहे.

दोन वळणदार रोटर एकमेकांत फिरवून हवा दाबणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरची गोष्ट जर्मनीत १८७८ पासून सुरू होते, तेव्हा हाइनरिश क्रिगरने पेटंट घेतलं. पण असे वळणदार रोटर अचूक कापणारी यंत्रंच नव्हती. १९३०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ लिशहोमने ते कामाचे केले. १९५०च्या दशकात रोटरच्या पोकळीत तेल सोडलं गेलं, आणि कोलादोंचे तुषार परत आले. हे तेल तीन कामं करतं : उष्णता ओढून घेतं, रोटरमधली फट भरतं आणि वंगण देतं. हवा आठपट दाबूनही डिलिव्हरीचं तापमान ७५ ते ९५ अंशांत राहतं. १०५ ते ११०वर मशीन ट्रिप होतं. पुढे सेपरेटर तेल वेगळं करतो, मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह टाकीत ४ बारच्या आसपास दाब राखतो म्हणजे तेल फिरत राहतं, आणि थर्मल व्हॉल्व्ह तेल सुमारे ७० अंशांवर जाईपर्यंत त्याला कूलरकडे पाठवत नाही.

आता मे महिना. नेमप्लेटवरची क्षमता १ बार, २० अंश, कोरडी हवा अशी मोजलेली असते. ४५ अंशांत स्क्रू तेवढंच घनफळ ओढतो, पण त्यात हवेचं वजन सुमारे १० टक्के कमी भरतं. त्यात कूलरच्या पंखांत तेलकट धूळ बसलेली आणि खोलीतली गरम हवा बाहेर न जाता पुन्हा आत ओढली जाणारी. पहिला उपाय डक्टचा : गरम हवा थेट छताबाहेर काढायची, आणि थंड हवेची खिडकी उत्तरेला किंवा सावलीत ठेवायची. कूलर आतून बाहेर फुंकून साफ करायचा. खोलीत घरगुती डेझर्ट कूलर लावणाऱ्यांनी त्याचा झोत मशीनच्या कूलरवर सोडावा, एअर फिल्टरवर नको, नाहीतर उन्हाळ्यातच ड्रायरवर (हवेतली वाफ काढणाऱ्या यंत्रावर) पावसाळ्याचा भार पडतो.

मेमध्ये आफ्टरकूलरच्या (दाबून झालेली हवा थंड करणाऱ्या कूलरच्या) ड्रेनमधून पाणी येत नाही, म्हणून ड्रेन बिघडला असं समजलं जातं. तसं नसतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत जेमतेम १० ग्रॅम वाफ असते. दाबून ५५ अंशांवर आलेली तीच हवा १३ ग्रॅमपर्यंत वाफ पेलते. पाणी सुटतं ते पुढे, रात्री पाइप थंड झाल्यावर. जुलैत चित्र उलटं. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला प्रत्येक घनमीटरमध्ये २३ ग्रॅम वाफ आत जाते, ३८ अंशांपर्यंत थंड केल्यावर फक्त ६ उरते. मिनिटाला १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५० सीएफएमच्या मशिनमागे ताशी १० लिटर पाणी. आठ तासांच्या पाळीत ८०. ऑटो ड्रेन तुंबला तर एवढं पाणी रिसीव्हरमधून हेडरमध्ये, म्हणजे मुख्य पाइपात, जातं. म्हणून हेडरला उतार द्यायचा, आणि त्याची फांदी (यंत्राकडे जाणारा पाइप) खालून न काढता हंसाच्या मानेसारखी वरून वळवून घ्यायची.

मेमध्ये ट्रिपिंगला कंटाळून थर्मल व्हॉल्व्हचं एलिमेंटच (तापमानानुसार झडप हलवणारा आतला भाग) काढून टाकण्याची एक वाईट सवय आहे. त्याने मेमधली ट्रिपिंग थांबतही नाही, कारण तेवढ्या तापमानाला निरोगी व्हॉल्व्ह सगळं तेल कूलरकडेच पाठवत असतो. फायदा दिसला तर आधीचं एलिमेंट अडकलेलं होतं, ते बदलायचं. मग जुलै येतो. वर सांगितलेल्या जुलैच्या आर्द्रतेला सेपरेटर टाकीतल्या दाबाखाली दवबिंदू (वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) ६५ अंशांच्या वर असतो. एलिमेंट नसल्याने, विशेषतः मशीन लोड-अनलोड होत (कधी हवा दाबत, कधी नुसतं फिरत) असेल तर, तेल ६०वरच फिरतं आणि वाफ टाकीतच पाणी होते. तेल दुधाळ दिसतं, बेअरिंग गंजतात, दोन महिन्यांत एअर एंडचा (रोटर असलेल्या मुख्य भागाचा) आवाज बदलतो. अशा मशिनवर एलिमेंट परत बसवायचं, आणि पावसाळाभर रोज सकाळी, रात्रभर बंद राहिलेलं मशीन सुरू करण्याआधी, टाकीतला दाब शून्य असल्याची खात्री करून तळाचा ड्रेन किंचित उघडायचा. आधी पाणी येतं. तेलाची पहिली धार दिसताच बंद करायचा.