हिरा झिजत नाही, पण अंगठी झिजते

इंदूरच्या सराफ्यात दिवसा कुठल्याही पेढीवर बसा, हे वाक्य ऐकू येतंच: "हिरा सगळ्यात कठीण, साखरपुड्याच्या अंगठीला खेटून हिऱ्यांचा बँड, म्हणजे हिरे जडवलेलं वळं, बिनधास्त घाला." हा समज चुकीचा आहे.

कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मापावर हिरा १०, सोनं जेमतेम ३. बँडच्या कडेचे हिरे शेजारच्या अंगठीवर रोज घासतात. पोळ्या लाटताना, स्कूटीचं हँडल धरताना दोन्ही अंगठ्या एकमेकींवर सरकतात. माझ्या वहिनीच्या अंगठीला बँडच्या बाजूने खाच पडली होती, नखाला लागेल इतकी. हिरा धरणाऱ्या नख्या अशा झिजल्या की खडा कधी निसटेल सांगता येत नाही. हिऱ्यावर हिरा घासला तर हिऱ्यालाही चरा पडतो, आणि ठोका बसला तर कडेचा टवका उडतो. १८ कॅरेट घेतलं तरी तेच. त्यात ७५ टक्के सोनंच असतं. रोडियम या चकचकीत धातूचा मुलामाही वाचवत नाही, तो फार पातळ असतो.

मध्ये साधं, बिनखड्याचं बारीक वळं घाला; झिजलं तर तेवढंच बदलता येतं. किंवा दोन्ही अंगठ्या सोनाराकडून जोडून घ्या, म्हणजे घासणंच थांबतं. मला विचाराल तर बँड सरळ दुसऱ्या हातात घाला. आणि वर्षातून एकदा नख्या तपासून घ्याच.